धुकं नेमकं कुठल्या पार्टात

२४ जानेवारी, शुक्रवार. मस्कत

आज संची तीनदा मेली. तिसऱ्या वेळी समोर दुश्मन पण नव्हता, ती सरळ कड्यावरून चालत खाली गेली. मी लिहिलं, "आंधळी झालंस काय गो? कडो दिसणा नाय?" बऱ्याच वेळाने तिचं उत्तर आलं, "धुका आसा."

माझ्या लॅपटॉपवर तर कुठे धुकं नव्हतं. बेटावर लख्ख ऊन पडलं होतं.

हे डोक्यातून जाईना म्हणून लॉन्ड्रीतून एक कोरी वही उचलली आणि लिहायला बसलो. नववी सोडल्यापासून एवढं पहिल्यांदाच लिहितोय. हॉटेलच्या लॉन्ड्रीत कामाला आहे मी, शुक्रवारी सुट्टी असते. वेंगुर्ल्याला घरी आये आणि धाकटी बहीण संची, दोघीच. तिकडे दुपारचे चार वाजले की संची घरच्या कॉम्प्युटरवर बसते, मी इथे बसतो. विमानातून दोघांनी एका बेटावर उडी मारायची, घराघरात शिरून बंदुका आणि मलमपट्टी शोधायची, आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. असा खेळ आहे. दोन वर्षं खेळतोय. तिचा माइक बिघडलाय म्हणून सगळं बोलणं टाइप करून.

फोनवर मला बोलायला जमत नाही. आयेचा फोन आला की "जेवलंस?" "जेवलंय." "बरो आसस मां?" "बरो आसंय." संपलं. खेळताना मात्र मी काहीही लिहून टाकतो.

संची खेळते पण विचित्र. पहिल्यांदा बरी खेळायची. मग बंदूकच हातात घेईनाशी झाली. मला गोळी लागली की धावत येऊन पट्टी बांधणार. गोळीबार चालू असताना मध्येच "जेवलंस?" लिहिणार. आयेची नक्कल करते, चावट कुठची.

आणि दिवाळीपासून हे धुकं. मशीन जुनं आहे, सावंतवाडीच्या कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेलं. चूक त्याचीच. काल इथल्या बाजारातून ग्राफिक कार्ड घेतलं, दोन पंख्यांचं. नेटवरचा एक व्हिडिओवाला सांगतो की हे लावल्यावर चित्र काचेसारखं दिसतं. पुढच्या आठवड्यात सुट्टीवर चाललोय. संचीला लिहिलं तर तिचं उत्तर, "नको. हाच बरो." तिला त्यातलं काय कळतं?


२ फेब्रुवारी, रविवार. घर

काल पोचलो. आयेने दारातच माझा डावा हात धरला आणि शर्टाची बाही वर सारली. "दाखव."

नोव्हेंबरमध्ये वाफेच्या पाइपाने भाजलं होतं, तो डाग. हे मी फक्त संचीला लिहिलं होतं, आणि वर "आयेक सांगू नको" पण लिहिलं होतं. संचीला मागच्या पडवीत गाठलं.

"तुझ्या पोटात काय ऱ्हवतच नाय मां?"

"दाद्या, गळ्याची शप्पथ. मी आयेक एक शब्द सांगूक नाय."

"मगे तिका डावो हात कसो कळलो?"

ती हसायला लागली की रडायला, मला समजलं नाही. विहिरीवर निघून गेली.

आयेच्या दोन बोटांना पट्टी आहे. काजूच्या कारखान्यात कापणीवर असते ती, एका हाताने दांडा, पायाने पेडल, मध्ये पातं. वीस वर्षं करते, कधी बोट कापलं नाही. विचारलं तर "काय नाय, पात्या लागला वायच."

कार्ड दाखवलं. तिने खोका नाकाजवळ नेऊन बघितला. "दोन पंखे? घरातल्या एका पंख्याक धड रेग्युलेटर नाय, आणि मशीनाक दोन पंखे?" मग हळूच, "जुना काढून टाकतलंस काय रे?"

"फक्त आतलं बदलणार."

"हातात बसलेला मशीन आसा ता," ती म्हणाली.

कीबोर्ड बघून तर किळस आली. कडेच्या बटणांवर काळे डाग, काजूच्या तेलाचे असतात तसे. चार बटणांवर आणि खालच्या लांब बटणावर चक्क टिकल्या चिकटवलेल्या, मरून रंगाच्या. पोरींची काय फॅशन असेल ती.


३ फेब्रुवारी, सोमवार

कुस्तोदियोकडे मशीन नेलं. बाजारात त्याचं दुकान आहे, चर्चच्या लाउडस्पीकरपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं करतो. गोव्यात शिकलाय. बाबा होते तेव्हापासून आमच्या घरी येणंजाणं.

त्याने डबा उघडला, कार्ड आत धरून बघितलं आणि मला म्हणाला, "लवू, मेल्या, ह्या होडयेक ट्रकाचा इंजिन घेवन इलंस. बसणा नाय."

"मगे डबो बदल."

"डबो बदलतंय. आणि ह्या एसएमपीएसाचा काय? ह्या कार्डाक येवढी वीज होई, ह्यो बिचारो अर्धी पण देवचो नाय."

"तो पण बदल."

"आणि प्रोसेसर? तो तर माझ्यापरास म्हातारो. कार्ड धावतला, हो बसान बघतलो."

मी म्हटलं, व्हिडिओवाल्यांनी हे सांगितलं नव्हतं. एक म्हणत होता रॅम वाढव, दुसरा म्हणत होता रॅमचा काही संबंध नाही, तिसरा म्हणत होता मॉनिटरच बदल. तिघांच्याही मागे निळे-जांभळे लाइट. कोणाचं खरं?

कुस्तोदियोने रॅमची पट्टी काढली आणि शाळेच्या खोडरबराने तिची पितळी कड घासत बसला. खाऱ्या वाऱ्याने काळी पडते म्हणे. घासता घासता विचारलं, "तुका नेमका काय होया, ता आदी सांग."

"धुकं जायला पाहिजे."

त्याने जुन्याच मशीनवर खेळ चालू करून बघितला. "खंय धुका? माका तर नारळाच्या झावळ्या पण दिसतत."

"संचीला दिसतं."

"मगे तिका घेवन ये. बसव हयसर."

"ती शिरोड्याला, रिसॉर्टवर. मंगळवारी तेवढी सुट्टी."

तो घासायचा थांबला. "मंगळवारी? मगे शुक्रवारी खेळता कधी?"

खरंच की. सोडत असतील तासभर. विचारायला पाहिजे. पण नंतर एसएमपीएस किती वॅटचा घ्यायचा त्यात दोघंही अडकलो आणि ते राहूनच गेलं.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

मशीन अजून दुकानात, पोट उघडं टाकून पडलंय. कोल्हापुराहून पार्ट यायचे आहेत. काजूच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे आये घरी. चार वाजता तिने कॉम्प्युटरचं रिकामं टेबल पुसलं. परत दहा मिनिटांनी पुसलं.

"कधी येतला रे मशीन?"

"येतला रविवारी."

मग चहा केला. मी आणि आये समोरासमोर बसून प्यायलो. तिने विचारलं, "जेवलंस?" मी म्हटलं, "आये, तूच वाढलंस मां दुपारी." ती म्हणाली, "होय तर."

असा मी. पंचवीस वर्षांचा घोडा, स्वतःच्या आयेसमोर गप्प. घरात असलो की मस्कतला जावंसं वाटतं, मस्कतला असलो की आणखी लांब कुठेतरी. कुठेच नीट बसत नाही, त्या कार्डासारखा.


९ फेब्रुवारी, रविवार

मशीन घरी आलं. डबा नवा, त्यात लाल लाइट, एसएमपीएस नवा, कार्ड बसलं, प्रोसेसर कुस्तोदियोने कुठल्यातरी बंद पडलेल्या मशीनमधला घातला. म्हणाला, "सध्या ह्याच चालव. व्होल्टेज पडला तर माझ्या नावान बोंब मारू नको."

एवढं नवं मशीन आणि पुढे तो घाणेरडा कीबोर्ड, मला बघवेना. पेट्रोलचा बोळा घेतला आणि काळे डाग घासून काढले. टिकल्या नखाने खरवडून टाकल्या. नवा वाटायला लागला.

संची कामावरून आली आणि बघतच राहिली. "ह्या काय केलंस, दाद्या?"

"साफ केलं. तुझ्या टिकल्या काय सोन्याच्या होत्या?"

"तू विचारूक होया होतंस! आयेक तरी—" आणि मध्येच थांबली.

"आयेक कित्याक विचारू?"

"भात वाढतंय," म्हणाली आणि आत गेली.

आयेने जेवताना मशीनचं नाव पण काढलं नाही. बांगड्याच्या तिखल्यात हात चाचपडत होता तिचा, तुकडा कुठे आणि काटा कुठे. थकलीय. मशीन बघून तरी खूश होईल वाटलं होतं.


११ फेब्रुवारी, मंगळवार

संचीला सुट्टी. तिला मशीनवर बसवलं, मी शेजारी लॅपटॉप घेऊन. "दिसतंय ना आता?"

"दिसता, दिसता."

आणि काय खेळली! धावत सुटली, चार जणांना गोळ्या घातल्या, एकाला तर सुरीने मारलं. मला गोळी लागली, मी पडलो, तिने मागे वळून पण बघितलं नाही.

"अगो पट्टी बांध!"

"तुझा तू बांध. माका मारूचा आसा."

म्हणजे धुकं गेलं. कार्ड लागू पडलं. मग मला आनंद का होत नाही? दोन वर्षं जी माझ्या बाजूला उभी असायची ती ही नव्हेच. कार्डाने चित्र बदलतं ते ठीक, माणसाचा स्वभाव पण बदलतो काय? कुस्तोदियोला फोन करून विचारणार होतो. वेडा म्हणेल म्हणून नाही केला.

आये मागे खुर्ची घेऊन बसली होती. सगळा वेळ बसली होती.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नीट लिहितो. उलटसुलट होतंय.

सकाळी संचीला म्हटलं, नेटवरून कसं चालतं ते बघायला पाहिजे, मी चारला कुस्तोदियोच्या दुकानातून खेळतो, तू घरून बस. संचीने आयेकडे बघितलं. आये म्हणाली, "बसतली ती. तू जा."

चारला दुकानात बसलो. उडी मारली. ती माझ्याजवळ उतरली, जुन्यासारखी अगदी खेटून. मला बरं वाटलं. पण मग तिचा माणूस गोल गोल फिरायला लागला. झाडाला धडकला. मग सरळ समुद्राकडे चालत सुटला.

"खंय चललंस? मागे फिर!"

तो पाण्यात गुडघाभर गेला, कमरेपर्यंत गेला.

मी एक घाणेरडी शिवी लिहिली. नेहमीच लिहितो. थोड्या वेळाने अक्षरं आली, अर्धी चुकलेली, एकेक करून.

"बटणा गावणत नाय."

मग, "धुका तसाच आसा."

मग नुसतं, "लवू. खंय आसस?"

संची मला जन्मात कधी लवू म्हणाली नाही. दाद्या म्हणते. आणि दोन वर्षांत त्या खेळात नावाने कधी हाकच आली नव्हती.

मी उठलो. कुस्तोदियो विचारतोय, "रे, काय झाला?" मी गाडीला किक मारली.

घराचं दार उघडं होतं. आये कॉम्प्युटरसमोर, नाक काचेला टेकेल इतकी पुढे वाकलेली. पट्टीची बोटं कीबोर्डवरून चाचपडत होती, टिकल्या होत्या त्या जागी. पाठमोरीच बोलली, "संची, इलंस? बघ गो, लवू खंय रवलो. माझो माणूस पाण्यात गेलो."

"आये."

ती गर्रकन वळली. मग परत स्क्रीनकडे बोट केलं, "तो बरो आसा मां? तुझो माणूस?"

मी म्हटलं, "बरो आसा. झाडाखाली उभो आसा."



नंतर तिनेच सांगितलं. मी गेल्यावर चार महिन्यांनी संचीला काम लागलं. "शुक्रवारी तू वाट बघत ऱ्हवतलंस. म्हणान संचीक म्हटलंय, माका शिकव. दांडो नि पेडल मारूचीच सवय, हातपाय येगळे चालतत माझे." हसली. "सांगला आसता तर तू माझ्याशी बोलाचो बंद झालो आसतंस. फोनार बोलतंस तसो."


१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून आयेकडे बघवत नाही. दोन वर्षांत काय काय लिहिलं ते एकेक आठवतंय.

मुकादमाने सगळ्यांसमोर थोबाडीत मारली ते लिहिलं होतं. मध्ये पासपोर्ट त्यांनी अडकवून ठेवला होता ते लिहिलं होतं. एकदा दारू पिऊन खेळलो होतो ते पण. पोलंडला जायचं चाललंय, गेलो तर पाच वर्षं परत यायचा नाही, वेंगुर्ल्यात माझं काय आहे, असं लिहिलं होतं. त्यावर तिचं उत्तर आलं होतं, "घराच्या आत ये. भायर गोळये लागतले."

आणि मागच्या गणपतीत मी विचारलं होतं, "आयेक माझी आठवण येता काय गो?" तिने लिहिलं होतं, "नाय येत. तू खेळ."

संचीला म्हटलं, "तू तरी सांगायचंस."

"माका शप्पथ घातल्यान होती. आणि तुका येवढा पण कळूक नाय? 'जेवलंस' असा मी कधी विचारलंय तुका?"


१७ फेब्रुवारी, सोमवार

एवढा मोठा गाढव मी. कार्ड, डबा, एसएमपीएस, प्रोसेसर, सगळं बदललं. धुकं कुठल्या पार्टात आहे ते कुस्तोदियोने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, ज्याला दिसतंय त्याला घेऊन ये.

आयेला कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. डॉक्टरीणबाई रागावल्या. "अशा डोळ्यांनी तुम्ही पात्यावर बसता? एक दिवस हात जाईल."

इथे आये ऑफिसातली मराठी बोलायला लागली, "नाही हो बाई, हाताला माहिती आहे." मग माझ्याकडे वळून, "ह्या आधी सांगला आसता तर कारखान्यातसून बसवल्यानी आसता घरी."

ऑपरेशन गुरुवारी. काउंटरवरच्या बाईने एक कागद पुढे ठेवला, कुठली लेन्स बसवायची ते ठरवा. चार प्रकार. एक साधी, एक घडीची, एक लांबचं दिसणारी, एक लांबचं आणि जवळचं दोन्ही. प्रत्येकीपुढे बरोबर-चूकच्या खुणा. माझं डोकं परत गरगरलं. तोच व्हिडिओवाल्यांचा कागद, फक्त मागे जांभळे लाइट नाहीत.

आत जाऊन डॉक्टरांना विचारलं, "बसेल ना नक्की? माप घेतलंय?"

"डोळ्याचं माप घेऊनच लेन्स ठरवतात."

"आणि बाकीचं सगळं जुनंच आहे, त्याला चालेल ना ती?"

त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, बाकीचं तुमच्या आईचं एकदम मजबूत आहे. आणि कागदावरच्या दुसऱ्या ओळीवर पेनाने गोल केला. कोणीतरी गोल करून दिला की किती बरं वाटतं.

कार्ड कुस्तोदियोकडे परत दिलं, तो कुडाळच्या कोणालातरी विकतोय. म्हणाला, "त्याचा मशीन तरी ट्रक आसा काय ता बघून देतंय."


२० फेब्रुवारी, गुरुवार

झालं. अर्धा तास पण लागला नाही. आये डोळ्यावर पांढरी वाटी लावून बाहेर आली आणि म्हणाली, "येवढाच? मी म्हटलंय डबो उघडतले."

महिनाभर पात्यावर जायचं नाही. मी स्वतः कारखान्यात जाऊन सांगून आलो. मॅनेजर म्हणाला, आल्यावर सोलायच्या टेबलावर बसवू. डावा डोळा उन्हाळ्यानंतर.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या जायचं. पोलंडवाल्या एजंटला नको म्हणून कळवलं. का ते मला सांगता येत नाही. मस्कतला शुक्रवारी सुट्टी असते, तिकडे कुठल्या वारी असते कोण जाणे.

आयेच्या टिकल्यांच्या पाकिटातून पाच टिकल्या काढल्या आणि आठवून आठवून बटणांवर लावल्या. ती मागे येऊन उभी राहिली.

"आता कित्याक? दिसतत माका अक्षरां."

"मगे काढू?"

"रवांदेत."


२१ मार्च, शुक्रवार. मस्कत

वही तीन आठवडे उघडली नव्हती. आज चारला, म्हणजे त्यांच्या चारला, बसलो. आयेची तपासणी झालीय, आता बसायला हरकत नाही म्हणाले. संची आहे असं समजून लिहायचो तेव्हा कसं भराभर यायचं. आता आये आहे म्हटल्यावर काय लिहायचं? शिवी तर सोडाच, साधं "हाय" पण लिहवेना.

दोघांनी उडी मारली. ती माझ्या बाजूला उतरली. तिचा माणूस हललाच नाही. माझ्यासमोर उभा राहिला आणि वर-खाली बघत राहिला. मला वाटलं परत धुकं.

"दिसतंय मां?" मी लिहिलं.

"दिसता."

मग एकेक अक्षर येत राहिलं, पण एकही चुकलं नाही.

"लवू, तुझ्या माणसाच्या अंगात शर्टच नाय. नुसत्या चड्डीर आसा."

मी लिहिलं, सुरुवातीला तसाच असतो, कपडे शोधावे लागतात, मी कधी शोधले नाहीत.

"दोन वर्सां? असो उघडो फिरतंस?"

लांबून गोळीबार चालू झाला. ती माझ्यापुढे धावत एका घरात शिरली. कपाटं उघडायचा आवाज येत होता. मी दारात उभा. गोळ्या भिंतीवर आपटत होत्या. बाहेर आली आणि माझ्या पायाशी एक निळा शर्ट टाकला.

"घाल आदी," आयेने लिहिलं. "मगे बघूया कोण मारता ता."

मी घातला.